पी५३ची सुटका: प्रथिनांची पकड सोडवणाऱ्या पेप्टाइडांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्याख्यान संपल्यावर हातात येणाऱ्या चिठ्ठ्या, एम.एस्सी.च्या मुलांचे ईमेल आणि रुग्णांच्या नातेवाइकांचे फोन या तिन्हींतून तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरं पी५३ आणि एमडीएम२ या प्रथिनांच्या एकाच जोडीभोवती फिरतात, कारण या विषयातलं जवळजवळ प्रत्येक यश आणि प्रत्येक ठेच या जोडीत बघायला मिळते. नातेवाइकांनी थेट प्रश्न ८ ते ११ वाचले तरी चालेल.

१. पेप्टाइड आणि प्रथिन यांत फरक काय?

दोन्ही अमिनो आम्लांच्याच माळा. माळ लहान, म्हणजे साधारण पन्नास मण्यांच्या आतली असली की तिला पेप्टाइड म्हणायची रीत आहे. पी५३ या प्रथिनात ३९३ अमिनो आम्लं आहेत, तर त्याची पकड सोडवायला घडवलेली पेप्टाइडं बहुधा बारा ते अठरा मण्यांची असतात. लांबीपेक्षा महत्त्वाचा फरक आकाराचा आहे. मोठं प्रथिन स्वतःभोवती घडी घालून ठरावीक आकारात राहतं. छोटं पेप्टाइड पाण्यात सुतळीसारखं वळवळत राहतं. पुढची निम्मी डोकेदुखी याच वळवळीची आहे (प्रश्न ५).

२. ‘प्रथिनांची परस्परक्रिया अडवणे’ म्हणजे नेमकं काय करतात? त्याचा कर्करोगाशी काय संबंध?

पेशीतली प्रथिनं एकटी क्वचितच काम करतात. एकमेकांना धरून, सोडून, खेचून त्यांचा कारभार चालतो. पी५३ हे पेशीचं राखणदार प्रथिन १९७९ मध्ये सापडलं. डीएनएला इजा झाली की ते पेशीचं विभाजन थांबवतं, आणि दुरुस्ती शक्य नसेल तर पेशीला मरायला लावतं. निरोगी पेशीत त्याला सतत जागं ठेवून चालत नाही, म्हणून एमडीएम२ नावाचं दुसरं प्रथिन त्याला पकडतं आणि नष्ट होण्यासाठी खूण करून पाठवतं. काही गाठींमध्ये हे एमडीएम२ बेसुमार वाढलेलं असतं. राखणदार धडधाकट असतो, पण त्याला डोळे उघडायची सवडच मिळत नाही.

एमडीएम२च्या अंगावर एक खोलगट खाच आहे. पी५३चं एक टोक तिथे जाऊन बसतं. ती खाच दुसऱ्याच कशाने आधी भरून टाकली, तर पी५३ मोकळं राहील. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच. रुमाल माणसाएवढा मोठा असावा लागत नाही, योग्य सीटवर पडावा लागतो.

३. गोळीत बसणारी छोटी औषधं आहेत, अँटिबॉडी आहेत. मग पेप्टाइडचाच हट्ट का?

दोन प्रथिनं भेटतात ती जागा बहुधा मोठी आणि सपाट असते. नेहमीच्या गोळीतला रेणू साधारण ५०० डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक) आतला असतो. त्याला धरायला खोल खळगा लागतो, सपाट भिंतीवर तो टिकत नाही. अँटिबॉडी अशी भिंत उत्तम धरते, पण ती सुमारे दीड लाख डाल्टनची असते आणि पेशीच्या आत शिरत नाही. पीडी-१ सारख्या पेशीबाहेरच्या प्रथिनांवर अँटिबॉडींनी कर्करोगाच्या उपचारात मोठी मजल मारली, ती बाहेर पोचता येतं म्हणून. एमडीएम२ आत बसलंय. पेप्टाइड या दोघांच्या मधलं आहे, दीड-दोन हजार डाल्टनचं: भिंत धरण्याइतकं मोठं, आणि आत जाण्याची निदान आशा धरण्याइतकं लहान.

पण हट्ट नसावा, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. एमडीएम२ची खाच अपवाद म्हणावा इतकी खोल आहे, त्यामुळे तिथे छोटे रेणूही बसतात. २००४ मध्ये जाहीर झालेले न्युटलिन हे त्यांतले पहिले गाजलेले. बीसीएल-२ या प्रथिनाला धरणारं व्हेनेटोक्लॅक्स तर २०१६ पासून अमेरिकेत मंजूर औषध आहे, आणि तोही प्रथिनांमधली पकड सोडवणारा छोटाच रेणू आहे. छोट्या रेणूने काम होत असेल तर पेप्टाइडच्या वाटेला जाऊ नये.

४. असं पेप्टाइड घडवायला सुरुवात कुठून करतात?

निसर्गाने आधीच केलेल्या पकडीपासून. १९९६ मध्ये निकोला पाव्हलेटिच यांच्या गटाने एमडीएम२ आणि त्यात बसलेला पी५३चा तुकडा यांची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. त्यात दिसलं की पी५३चा तो तुकडा मळसूत्रासारखा वळलेला, म्हणजे अल्फा हेलिक्स आहे, आणि त्याची तीनच अमिनो आम्लं खाचेत खोलवर रुतली आहेत: १९व्या जागेचं फेनिलअॅलनिन, २३व्या जागेचं ट्रिप्टोफॅन आणि २६व्या जागेचं ल्युसिन. बाकीची बरीचशी त्या तिघांना नीट अंतरावर धरून ठेवायला आहेत.

हे खरंच तसं आहे का, हे तपासायची पद्धत साधी आणि फार सुंदर आहे. एकेक अमिनो आम्ल काढून त्या जागी अॅलनिन घालायचं आणि पकड किती ढिली झाली ते मोजायचं. याला अॅलनिन स्कॅन म्हणतात. एखादी जागा बदलल्यावर काहीच फरक पडला नाही, तर ती जागा तुमच्या हातात आली. तिथे पाण्यात विरघळणारं काही घाला, चकाकणारा रंग जोडा, नाही तर पुढे सांगितलेला स्टेपल बसवा. फरक पडला तर तिथे हात लावायचा नाही.

दुसरी वाट निवडीची. कोट्यवधी वेगवेगळी पेप्टाइडं विषाणूंच्या, म्हणजे फाजच्या, अंगावर उगवायची, सगळा घोळका एमडीएम२वरून सोडायचा आणि चिकटलेले तेवढे ठेवायचे. या फाज डिस्प्लेसाठी जॉर्ज स्मिथ आणि ग्रेगरी विंटर यांना २०१८च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. २००९ मध्ये याच वाटेने पीएमआय नावाचं बारा अमिनो आम्लांचं पेप्टाइड हाती आलं. पी५३चा मूळ तुकडा एमडीएम२ला शेकडो नॅनोमोलर ताकदीने धरतो, पीएमआय सुमारे ३ नॅनोमोलरने. (हा आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट.) गंमत म्हणजे पीएमआयनेही फेनिलअॅलनिन, ट्रिप्टोफॅन, ल्युसिन हेच त्रिकूट तेवढ्याच अंतरावर राखलं. निवडीने खिळे तेच ठेवले आणि फळी बदलली.

पेप्टाइड प्रत्यक्ष बनवणं हा आता रोजचा भाग आहे. रेझिनच्या बारीक मण्यावर एकेक अमिनो आम्ल जोडत जायचं, ही ब्रूस मेरिफिल्ड यांची १९६३ची रीत.

५. ‘स्टेपल्ड पेप्टाइड’ हा शब्द सारखा येतो. कागदाचा स्टेपलर समजायचा का?

मला कडी-कोयंडा जास्त जवळचा वाटतो. पी५३च्या मूळ प्रथिनातून नुसता तुकडा कापून काढला की तो मळसूत्राचा आकार सोडून देतो. खाचेत बसायचं तर दर वेळी पुन्हा वळावं लागतं आणि त्यात पकडीची ताकद खर्च होते. शिवाय सरळ झालेली माळ प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या, एन्झाइमांच्या तोंडी सहज सापडते, कारण त्यांना ती उलगडलेली लागते. रक्तात असा तुकडा काही मिनिटांत संपतो.

उपाय असा: मळसूत्राच्या एकाच बाजूला येणाऱ्या दोन जागांवर, म्हणजे चार किंवा सात घरं अंतरावर, कार्बनची शेपटी असलेली खास अमिनो आम्लं बसवायची आणि त्या दोन शेपट्या एकमेकींना जोडून टाकायच्या. ही जोडणी ओलेफिन मेटाथेसिस नावाच्या अभिक्रियेने होते, जिच्यासाठी शोव्हां, ग्रब्ज आणि श्रॉक यांना २००५चं नोबेल मिळालं. ग्रेगरी व्हर्डीन यांच्या गटाने २००० मध्ये हे रसायन दाखवलं आणि २००४ मध्ये लोरेन वॉलेन्स्की व सहकाऱ्यांनी असा कोयंडा घातलेलं पेप्टाइड रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींना मारू शकतं हे दाखवलं.

कोयंडा कुठल्याही दोन जागांवर चालत नाही. तो खाचेच्या बाजूला आला तर पेप्टाइड बसणारच नाही, पार उलट्या बाजूला आला तर आकार टिकेल पण पकडीत भर पडणार नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एटीएसपी-७०४१ या पेप्टाइडात तो काठावर आहे आणि स्वतःही एमडीएम२च्या पृष्ठभागाला टेकतो. आधारासाठी घातलेली गोष्ट पकडीत सहभागी झाली. अशी जागा सापडायला आठ-दहा रूपं बनवून बघावी लागतात.

आकार टिकवायचे इतरही उपाय आहेत. माळेची दोन्ही टोकं जोडून वलय करणं हा एक. आरशातल्या प्रतिमेसारखी डी-अमिनो आम्लं वापरणं हा दुसरा, आपली एन्झाइमं ती सहसा तोडू शकत नाहीत. तिसरा उपाय एआयबी या छोट्या अमिनो आम्लाचा. ते शेजाऱ्यांना मळसूत्रात वळायला भाग पाडतं, आणि त्याचा सखोल अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पद्मनाभन बालराम यांनी केला. त्यांची पदवी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातली. मधुमेहाच्या सेमाग्लुटाइडमध्येही हेच एआयबी आहे.

६. आता एआय आलंय. संगणकच पेप्टाइड लिहून देईल, मग प्रयोगशाळेचं काय?

संगणकाने खूप मोठा पल्ला गाठलाय आणि मी त्याबद्दल मनापासून आनंदी आहे. २०२४चं रसायनशास्त्राचं नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हासाबिस आणि जॉन जंपर यांना याच कामासाठी मिळालं. २०२३ मधल्या आरएफडिफ्यूजनसारख्या प्रणालीला पृष्ठभाग दिला की ती त्यावर बसणाऱ्या प्रथिनाचा सांगाडा सुचवते.

पण ती प्रश्न ४ मधलं काम हलकं करते. ‘काय चिकटेल’ याचं उत्तर लवकर मिळतं. पेशीत शिरेल का, रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून बसेल का, पाण्यात विरघळेल का, ही उत्तरं अजून प्रयोगशाळेतच मिळवावी लागतात. स्टेपल किंवा डी-अमिनो आम्लासारख्या, निसर्गात न सापडणाऱ्या भागांची उदाहरणं शिकायलाही कमी उपलब्ध आहेत.

७. माझं पेप्टाइड परीक्षानळीत ५ नॅनोमोलरने चिकटतं, पण पेशींवर काहीच परिणाम नाही. काय चुकलं असेल?

बहुधा ते आत गेलंच नाही. पेशीचं पटल तेलकट असतं आणि पेप्टाइडाच्या कण्यावरचे हायड्रोजन बंध पाण्याला धरून बसतात. एचआयव्हीच्या टॅट प्रथिनासारखं, धनभाराने भरलेलं शेपूट जोडलं तर पेशी त्याला गिळते खरी, पण बरंचसं माल-पिशवीत, म्हणजे एंडोसोममध्ये, अडकतं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी हिरवीगार चमकते आणि आपण समजतो, पोचलं. नीट पाहिलं तर चमक ठिपक्याठिपक्यांची असते. ठिपके म्हणजे पिशव्या. दुसरी शक्यता पेशी वाढवायच्या द्रवातल्या सीरमची, म्हणजे रक्तातल्या पेशीविरहित द्रवाची: त्यातली प्रथिनं पेप्टाइड धरून ठेवतात. सीरम कमी-जास्त करून बघा.

मला जास्त काळजी वाटते ती उलट तक्रारीची: ‘पेशी भराभर मेल्या, पेप्टाइड जबरदस्त आहे.’ एका बाजूने तेलकट, दुसऱ्या बाजूने धनभारित असं मळसूत्र साबणासारखं वागून पटलालाच भोकं पाडू शकतं. आमच्या गटात एकदा असं झालं होतं, आणि ते कळेपर्यंत महिनाभर आम्ही चुकीच्या आनंदात होतो. म्हणून तीन गोष्टी तपासल्याशिवाय मी निकाल मान्य करत नाही. फेनिलअॅलनिनच्या जागी अॅलनिन घातलेलं, खाचेत न बसणारं जुळं पेप्टाइड निष्प्रभ ठरलं पाहिजे. पी५३ जनुकच नसलेल्या पेशी, उदाहरणार्थ साओस-२, जगल्या पाहिजेत. आणि पेशींमधून एलडीएच एन्झाइम बाहेर गळता कामा नये, कारण ते गळलं तर पटल फाटलंय.

८. आमच्या पेशंटला हे औषध मिळेल का?

पी५३-एमडीएम२ची पकड (ती काय, ते प्रश्न २ मध्ये आहे) सोडवणारं कोणतंही पेप्टाइड आज मंजूर औषध नाही. हे सरळ सांगणं मला गरजेचं वाटतं, कारण बातम्यांचे मथळे वेगळं भासवतात.

सर्वांत पुढे गेलं ते एएलआरएन-६९२४, म्हणजे सुलानेमाडलिन, प्रश्न ५ मधल्या एटीएसपी-७०४१चं धाकटं भावंड. एमडीएम२ आणि त्याचा जुळा एमडीएमएक्स अशा दोघांच्या खाचेत ते बसतं. पहिल्या टप्प्याच्या चाचणीत ७१ रुग्णांना ते शिरेतून दिलं गेलं, निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पी५३ शाबूत असलेल्या आणि परिणाम मोजता आलेल्या ४१ रुग्णांपैकी ५९ टक्क्यांमध्ये आजार काही काळ तरी आटोक्यात राहिला. त्यांत दोघांच्या गाठी पूर्ण दिसेनाशा झाल्या, दोघांच्या बऱ्याच आकसल्या, उरलेल्यांचा आजार वाढला नाही इतकंच. पहिला टप्पा सुरक्षितता आणि मात्रा ठरवायला असतो. त्यात तुलनेसाठी दुसरा गट नसतो, त्यामुळे या आकड्यातून ‘औषध चालतं’ असं म्हणता येत नाही. पुढे ते केमोपासून निरोगी पेशींचं रक्षण करण्यासाठी तपासलं गेलं (प्रश्न १२) आणि स्तनाच्या कर्करोगातली ती चाचणी २०२३ मध्ये थांबवावी लागली.

चाचणीत सहभागी व्हायचं असेल तर आपल्या ऑन्कॉलॉजिस्टना विचारा आणि भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीत, सीटीआरआयमध्ये, शोध घ्या. चाचणीत औषधाचे पैसे मागितले तर सावध व्हा. आणि या आशेवर चालू उपचार थांबवू नका.

९. पण बाबांना ल्युटेशियमचं इंजेक्शन दिलं, ते पेप्टाइडच आहे असं डॉक्टर म्हणाले. मग मंजूर नाही कसं?

डॉक्टर बरोबर सांगताहेत, आणि प्रश्न ८ही बरोबर आहे. ल्युटेशियम-१७७ डोटाटेटमधलं पेप्टाइड कोणतीही पकड सोडवत नाही. न्यूरोएंडोक्राइन गाठींच्या (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींपासून होणाऱ्या गाठींच्या) पेशींवर बाहेरच्या अंगाला सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाला धरणारे रिसेप्टर खूप असतात. त्यांना शोधून किरणोत्सारी ल्युटेशियम तिथे पोचवणं एवढंच त्याचं काम. पेप्टाइड इथे पोस्टमन आहे, मारतात ते किरण. त्याला पेशीपटल ओलांडण्याची परीक्षा द्यावी लागत नाही, म्हणून ही वाट लवकर यशस्वी झाली. ल्युटेशियम-१७७ मुंबईत ट्रॉम्बेच्या अणुभट्टीतही तयार होतं.

१०. ऑनलाइन ‘कॅन्सर पेप्टाइड’च्या कुप्या मिळतात. घेऊन बघायला काय हरकत आहे?

हरकत आहे, घेऊ नका. ‘संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही’ अशी चिठ्ठी लावून विकल्या जाणाऱ्या पावडरीत लिहिलेलं पेप्टाइड आहे का, शुद्ध आहे का, जिवाणूंचं विष त्यात शिरलंय का, हे कुणी तपासलेलं नसतं. केमोमुळे प्रतिकारशक्ती खाली आलेल्या माणसाला अशी सुई जिवावर बेतू शकते. कोलेजन पेप्टाइडची पावडर हा तर निव्वळ खाद्यपदार्थ आहे. पोटात तिची अमिनो आम्लं होतात, कर्करोगाशी तिचा संबंध नाही.

११. रिपोर्टमध्ये ‘टीपी५३ म्युटेशन’ लिहिलंय. म्हणजे ही पेप्टाइडं आम्हाला जास्त उपयोगी का?

नाही, नेमकं उलटं. टीपी५३ म्हणजे पी५३चं जनुक, आणि म्युटेशन म्हणजे त्यातला बिघाड. हा गैरसमज मी सर्वांत जास्त वेळा दुरुस्त केलाय. एमडीएम२ची खाच अडवून आपण पी५३ला मोकळं करतो. पण मोकळं झालेलं पी५३ मुळातच बिघडलेलं असेल तर ते काही करणार नाही. जवळजवळ निम्म्या कर्करोगांत पी५३चं जनुक बिघडलेलं असतं, त्यांना ही वाट बंद आहे. ही पेप्टाइडं उरलेल्यांसाठी, विशेषतः एमडीएम२च्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या गाठींसाठी आहेत. चरबीच्या पेशींपासून होणाऱ्या लायपोसार्कोमाच्या काही प्रकारांत हे जवळपास नेहमी आढळतं.

सुरुवातीला पी५३ शाबूत असलं तरी उपचार लांबला की बिघडलेलं पी५३ असलेल्या मोजक्या पेशी वाचतात आणि त्यांचीच संख्या वाढते.

१२. निरोगी पेशींतही पी५३ आहे. त्या मरणार नाहीत का?

बहुतेक निरोगी पेशी पी५३ जागं झाल्यावर मरत नाहीत, विभाजन थांबवून वाट बघतात. रक्त बनवणाऱ्या मज्जेला मात्र झळ लागते. न्युटलिनच्या जातीच्या छोट्या रेणूंमध्ये प्लेटलेट घसरणं हीच मोठी अडचण ठरली.

याच ‘थांबून वाट बघण्या’तून एक हुशार कल्पना निघाली. ज्याच्या गाठीत पी५३ बिघडलेलं आहे त्याला केमोआधी पेप्टाइड द्यायचं. निरोगी पेशी थांबतील आणि केमोच्या तडाख्यातून वाचतील, गाठ मात्र थांबणार नाही. कल्पना मला आजही सुंदर वाटते. पण प्रत्यक्ष चाचणीत रुग्णांच्या पांढऱ्या पेशी गंभीररीत्या घटल्या आणि केसही गेले.

१३. हे गोळीच्या रूपात कधी येईल?

पोटात गेलेलं पेप्टाइड पचतं, उरलेलं आतड्याच्या भिंतीतून जात नाही. सेमाग्लुटाइडची गोळी निघाली, पण तिच्यातलं जेमतेम १ टक्का औषध रक्तात पोचतं. तरी वाट बंद नाही. प्रत्यारोपणानंतर दिलं जाणारं सायक्लोस्पोरिन अकरा अमिनो आम्लांचं वलय आहे, तोंडाने घेता येतं आणि पेशीच्या आतही जातं. त्याच्या सात जागांवर मिथाइल गट आहेत, त्यामुळे पाण्याला धरणारे बंध झाकले जातात. हे निसर्गाने, एका बुरशीने, केलेलं डिझाइन आहे. आजचे अनेक गट त्याचाच धडा गिरवताहेत.

१४. पी५३ सोडून इतर कोणत्या जोड्यांवर काम चालू आहे?

दोन नावं लक्षात ठेवावीत अशी. बीटा-कॅटेनिन आणि टीसीएफ ही प्रथिनांची जोडी आतड्याच्या कर्करोगात महत्त्वाची आहे. तिथली भिंत सपाट, छोट्या रेणूंना दाद न देणारी. एफओजी-००१ हे कोयंडा घातलेलं पेप्टाइड तिथे बसतं आणि माणसांतल्या चाचण्यांत पोचलंय. दुसरं नाव एमवायसी, पेशींना वाढायला लावणारं प्रथिन. त्याच्या जोडीदाराची जागा अडवणारं ओमोमिक हे ९१ अमिनो आम्लांचं, म्हणजे खरं तर छोटं प्रथिनच. बार्सिलोनातल्या लॉरा सुसेक यांनी त्यावर कित्येक वर्षं चिकाटीने काम केलं, आणि त्याच्या पहिल्या टप्प्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

१५. जिवाणूपासून मिळालेलं पी२८ही पी५३वरच काम करतं म्हणतात. ते याच गटात बसतं का?

अर्धवट. सूडोमोनास जिवाणूच्या अॅझुरिन प्रथिनातला हा २८ अमिनो आम्लांचा तुकडा. शिकागोत काम केलेले आनंद चक्रवर्ती आणि त्यांचे सहकारी यांचं हे काम. जनुक बदललेल्या जिवाणूच्या पेटंटसाठी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १९८० मध्ये जिंकलेले तेच चक्रवर्ती. पी२८ एमडीएम२च्या खाचेत बसत नाही. ते खुद्द पी५३ला, डीएनए धरणाऱ्या भागाशी, चिकटतं आणि सीओपी१ नावाच्या, पी५३च्या दुसऱ्या मारेकऱ्याला दूर ठेवतं. म्हणजे पकड सोडवतं, पण रुमाल सीटवर न टाकता प्रवाशाच्या अंगावर घालून. पेशीत ते स्वतःहून शिरतं, हे त्याचं वेगळेपण. १५ प्रौढ रुग्णांवरच्या पहिल्या टप्प्यात ते सुरक्षित ठरलं.

१६. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात पी५३ बहुतेकदा शाबूत असतं. मग आपल्याकडच्या इतक्या बायकांना एमडीएम२ची पेप्टाइडं का चालू नयेत?

प्रश्न ११ वाचून हा प्रश्न मनात येणं साहजिक आहे, आणि तो विचारणाऱ्या विद्यार्थिनीचं मला कौतुक वाटतं. इथे मारेकरी वेगळा आहे. एचपीव्ही विषाणूचं ई६ प्रथिन पेशीतल्या ई६एपी या एन्झाइमाला धरतं, मग दोघं मिळून पी५३ला पकडतात आणि नष्ट करतात. एमडीएम२ची खाच कितीही भरली तरी पी५३ या दुसऱ्या दाराने जातच राहतं.

अडवायची ती जागा ई६वर आहे. ई६एपीचा एक छोटा, ल्युसिनने भरलेला मळसूत्री तुकडा ई६च्या खाचेत बसतो. ही रचना २०१३ मध्ये दिसली, आणि पी५३सह तिघांची एकत्र रचना २०१६ मध्ये. म्हणजे नकाशा हातात आहे. त्या तुकड्यावरून पेप्टाइडं बेतलीही गेली आहेत, पण काम प्रयोगशाळेतच आहे, आणि अडथळे प्रश्न ७ मधलेच. तोवर या कर्करोगावरचा सर्वांत खात्रीचा अडसर एचपीव्हीची लस आहे, संसर्ग होण्याआधी, शाळकरी वयातच दिलेली.